दर दुसऱ्या फेरीला

पान एकशे तेरावर एक आलेख होता. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर कोन. डावीकडे ठिपके मुठीतून सांडलेल्या मोहरीसारखे पसरलेले. मग ते हळूहळू गोळा होत यायचे आणि पानाच्या मध्यापासून उजव्या कडेपर्यंत त्यांची एकच रेषा व्हायची. शून्य अंशावर. पट्टी लावून पाहिलं तर एकही ठिपका अर्ध्या मिलिमीटरनेही वर-खाली नव्हता.

कामिनीने पट्टी लावून पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी आलेख पहिल्यांदा छापला, तेव्हाच तिला ती रेषा जरा जास्त सरळ वाटली होती. समासात तिने पेन्सिलने लिहिलं होतं, ‘तपासणे’. दुसऱ्या दिवशी आलेख मार्गदर्शक सरांना दाखवायचा होता, म्हणून तो शब्द खोडरबराने पुसला. कागदावर पेन्सिल दाबल्याची खूण तेवढी राहिली. प्रबंधाच्या बांधीव प्रतीत तीही नव्हती.

ती धुळ्याच्या एका महाविद्यालयात नऊ वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होती, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज आणि दर मार्चमध्ये निरोप. यंदा कायम जागेची जाहिरात निघाली होती. मुलाखत फेब्रुवारीच्या शेवटी, आणि त्याआधी हातात पीएच.डी. असणं आवश्यक. छत्तिसाव्या वर्षी अशी जाहिरात पुन्हा निघेलच, असं कोणी सांगू शकत नव्हतं. प्रबंध जळगावच्या विद्यापीठात दाखल झाला होता. खुल्या मौखिक परीक्षेची तारीखही लागली होती.

प्रबंध दूरच्या ग्रहांबद्दल होता. आपल्या सूर्यापेक्षा लहान, तांबूस ताऱ्यांभोवती फिरणारे खडकाळ ग्रह. तारा मंद, म्हणून पाणी द्रव राहील इतकी ऊब हवी तर ग्रहाने ताऱ्याच्या अगदी जवळ राहायला हवं. आणि जवळ राहिलं की भरती-ओहोटीचं बळ मागे लागतं. तारा ग्रहाची जवळची बाजू जास्त ओढतो, लांबची कमी. ग्रहाला फुगवटा येतो. ग्रह गिरकी घेताना फुगवटा पुढे नेतो आणि तारा तो मागे खेचतो. लाखो वर्षं असा ब्रेक लागत राहिला की गिरकी मंदावते. शेवटी बरेचदा ग्रह ताऱ्याकडे एकच तोंड करून बसतो, चंद्र आपल्याकडे बसलाय तसा. एका अंगाला कायमचा दिवस, दुसऱ्या अंगाला कायमची रात्र.

चाळीस काल्पनिक ग्रहांचा हिशेब तिने संगणकावर केला होता. त्यांतल्या सव्विसांनी एकच तोंड केलं, असं प्रबंधात लिहिलं होतं. पान एकशे तेरावरचा ग्रह त्यांत सर्वांत महत्त्वाचा, कारण मोहिनीने तोच घेतला होता.

मोहिनी विद्यापीठातली तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान संशोधक. एकाच मार्गदर्शकांकडे दोघी. कामिनीने ग्रहाची गिरकी काढायची आणि मोहिनीने त्या ग्रहावरची हवा: वारे कसे वाहतील, बर्फ कुठे साठेल, उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या पट्ट्यात पाणी टिकेल का. दोन वर्षं ती त्या पट्ट्यावर काम करत होती. “ताई, तुमच्या ग्रहावर मला एक गाव वसवायचंय,” ती म्हणायची. “कायम संध्याकाळचे साडेसहा. कोणाला उठायची घाई नाही.”

जानेवारीतल्या एका शनिवारी कामिनीच्या महाविद्यालयात कसलंसं परीक्षा केंद्र आलं आणि तिची प्रात्यक्षिकं रद्द झाली. एक शनिवार प्रात्यक्षिकं, एक शनिवार मोकळा, असा तिचा दोन वर्षांचा क्रम होता, आणि मोकळ्या शनिवारी ती रावेर तालुक्यातल्या आपल्या गावी जायची. हा शनिवार तिचा नव्हता. तरी शुक्रवारीच जळगावला मैत्रिणीकडे मुक्काम करून ती सकाळच्या गाडीने निघाली.

दहाच्या सुमारास ती घरी पोहोचली. पुढच्या खोलीत गोधडी डोक्यावरून ओढून कोणीतरी झोपलं होतं. बाहेर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेली पँट तारेवर, आणि खाली विजेरी.

“अगं बाई, ताई तुम्ही?” पुनम, तिच्या धाकट्या भावाची, नवीनची बायको, हात पुसत बाहेर आली. “आज तर तुमचा शनिवार नाही.”

“नवीनला काय झालं? ताप आहे का?”

“ताप कशाचा? झोपलेत. सकाळी सहाला आले वावरातून.”

“रात्रभर वावरात?”

पुनम तिच्याकडे बघत राहिली, चेष्टा चाललीय की काय अशा नजरेने. “रातची लाईन आहे ना या हप्त्यात. एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रातची. वीज आली, मोटर चालू झाली की पाण्याचा कॉक फिरवायला जावंच लागतं. केळी कोणासाठी थांबतात?”

“मी येते तेव्हा तर तो नेहमी घरी असतो. रात्री आपण सगळे सोबत जेवतो.”

“तुम्ही येता त्या हप्त्यात दिवसाची असते,” पुनम म्हणाली. “बरोब्बर त्याच हप्त्यात येता तुम्ही. मी आईंना म्हणते पण, ताईंनी लाईनचं टाइमटेबल पाठ केलंय.”

आई, शेवंताबाई, आतून भाकरी थापता थापता बोलली, “तुले कोन सांगीन व बाई? तू दोन दिवस येते, त्यात रडगानं कशाले लावायचं?”

“किती दिवस चाललंय हे?”

“दिवस?” पुनम हसली. “वर्षं म्हणा. मागच्या थंडीत बिबट्या दिसला होता नाल्याजवळ. तेव्हापासून मी मोबाइल उशाशी घेऊन झोपते. झोपते म्हणजे काय, पडते.”

बोलण्याने नवीन जागा झाला. डोळे लाल, केसांत गवताची काडी. ताईला बघून तो उठून बसला आणि काहीतरी चोरी पकडली गेल्यासारखा हसला.

“तू सांगितलं का नाहीस?” कामिनीने विचारलं.

“तू इचारलं कधी?” तो जांभई देत म्हणाला. “ग्रहावर दिवस कवा उगवतो ते मोजते, अन् भावाच्या वावरातली लाईन मोजाची राहिली! लय झालं आता. चहा दे व पुनम.”

सगळे हसले. कामिनीही हसली. भाकरीचा तुकडा मोडून तिने भरितात बुडवला आणि तो तसाच हातात राहिला.

दर दुसऱ्या हप्त्याला. तिचा संगणकही दर दुसऱ्या फेरीलाच बघत होता.

महाविद्यालयाच्या जुन्या संगणकात जागा नव्हती. लाखो वर्षांचा हिशेब, ग्रहाची दर फेरी नोंदवायची तर डिस्क आठवड्यात भरायची. म्हणून तिने आज्ञावलीत एक ओळ घातली होती: ग्रह ताऱ्याच्या सर्वांत जवळ आला की त्याचं तोंड ताऱ्यापासून किती वळलंय तो कोन नोंदव, पण एक फेरी सोडून एक. गिरकीचा वेगही नोंदवला नव्हता; कोनावरून सगळं कळतं, मग जागा का अडवायची? कोन दर वेळी तोच आला, म्हणजे ग्रहाने एकच तोंड केलं.

पण कक्षा लांबट असेल तर ग्रह आणखी एका ठिकाणी अडकू शकतो. ताऱ्याभोवती दोन फेऱ्या होईतो स्वतःभोवती बरोबर तीन गिरक्या. मग जवळ आल्यावर एका फेरीला त्याचं एक टोक ताऱ्यासमोर येतं आणि पुढच्या फेरीला दुसरं. दर दुसऱ्या फेरीला पाहिलं तर नेहमी पहिलंच टोक. रेषा सरळ. शून्य अंशावर.

बुधाचं तसंच झालं होतं. बुध सूर्याकडे एकच तोंड करून असतो असं खगोलशास्त्रज्ञ कित्येक दशकं मानत होते, कारण तो नीट दिसायच्या दिवसांत बरेचदा त्याची तीच बाजू समोर यायची. १९६५ मध्ये रडारने बघितलं आणि ते खोटं ठरलं: दोन फेऱ्यांत तीन गिरक्या. कामिनी ही गोष्ट दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सांगायची. मुलं हसायची. तीही हसायची.

“बाई, जेव ना,” शेवंताबाई म्हणाली. “काय झालं व? मिरची लागली?”

“हो,” कामिनी म्हणाली.

धुळ्याला परतल्यावर तिने ती एक ओळ बदलली. प्रत्येक फेरीला नोंद. सगळा काळ नको, शेवटच्या पाचशे फेऱ्या पुरेत. हिशेबाला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिने दोनदा हात धुतले. पडद्यावर आलेख उमटला तेव्हा त्यात दोन रेषा होत्या. एक शून्यावर, एक एकशे ऐंशीवर. दोन्ही तितक्याच सरळ.

त्या ग्रहावर सूर्य उगवत होता, मावळत होता. अठरा दिवसांची एक फेरी. छत्तीस दिवसांचा एक दिवस. कायमची संध्याकाळ कुठेच नव्हती. मोहिनीचं गाव अंधारात जात होतं आणि परत बाहेर येत होतं.

सव्विसांपैकी अकरा ग्रह असेच निघाले.

ही गोष्ट कोणाला सांगायची याबद्दल तिला शंका नव्हती. कधी सांगायची ते ठरत नव्हतं. पहिल्या रविवारी तिने मार्गदर्शकांना फोन लावला. हितेंद्र सर मार्चअखेर निवृत्त होणार होते. “कामिनी, तू माझी शेवटची विद्यार्थिनी,” ते फोन उचलताच म्हणाले. “पुण्याच्या परीक्षक बाईंचा अहवाल पुन्हा वाचला. एक शब्द दुरुस्त करायला सांगितलेला नाही. तीस वर्षांत असा अहवाल मी दोनदा पाहिला.” ती म्हणाली, “हो सर.” मग ते प्रोजेक्टरबद्दल बोलले, चहाबद्दल बोलले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्यांदा तिने सरांना ई-मेलवर पत्र लिहिलं. चार ओळी. ते मसुद्यांतच राहिलं. रोज सकाळी उघडून ती एखादा शब्द बदलायची. ‘चूक’ असा शब्द होता, त्याजागी ‘त्रुटी’ केलं. दोन दिवसांनी परत ‘चूक’ केलं. रात्री झोप लागायची ती तीनला मोडायची, आणि डोळे मिटले की ठिपके दिसायचे. वर्गात फळ्यावर लिहिताना अक्षर लहान होत चाललंय, असं एका मुलीने सांगितलं. मुलाखतीचं बोलावणं आलं. ते तिने टेबलाच्या खणात पालथं ठेवलं.

दोन मोकळे शनिवार मध्ये येऊन गेले. दोन्ही वेळा ती गावी गेली. दोन्ही वेळा दिवसाची लाईन होती. नवीन संध्याकाळी घरी होता, दाढी केलेला, हसतमुख.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मोहिनीचा फोन आला. तिचा स्वर चढलेला होता. “ताई, ऐका. माझा पेपर तयार आहे. उद्या तुमचं झालं की त्याच संध्याकाळी पाठवणार. मुद्दाम थांबलेय.”

“का थांबलीस?”

“आभाराच्या परिच्छेदात तुमच्या नावामागे ‘डॉ.’ लावायचंय ना! पहिल्यांदा छापील कुठे येणार? तर माझ्या पेपरात. पेढे मात्र तुमच्याकडून.”

“मोहिनी,” कामिनी म्हणाली.

“हं?”

“काही नाही. उद्या बोलू.”

“घाबरलात ना? मला वाटलंच. तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे, ताई. तुम्ही कशाला घाबरता?”

मंगळवारी सकाळी कामिनी पारोळा, एरंडोल करत गाडीने जळगावला पोहोचली. पिशवीत दोन आलेख होते. एक प्रबंधातला, एका रेषेचा. दुसरा दोन रेषांचा, घडी घातलेला. घडी इतक्या वेळा उघडून बंद केली होती की कागद मधोमध पांढरा पडला होता.

सरांच्या खोलीत पेढ्यांचा खोका, गुच्छ, आणि खुर्चीवर सरांचा इस्त्रीचा कोट. चोवीस दिवस झाले होते. आता तरी.

“सर, पान एकशे तेरावर एक गोष्ट आहे.”

“छपाईची चूक ना? मलाही दोन सापडल्या.” ते कोट घालत होते; बाही उलटी झाली होती. “शुद्धिपत्र लावू. सगळेच लावतात. आज काही काढू नकोस, बाईंना दुपारची गाडी आहे. चहा घेतलास?”

“छपाईची नाही, सर.”

“मग परीक्षेनंतर बसू. निवांत.” त्यांनी बाही सरळ केली आणि तिच्याकडे पाहून मनापासून हसले. “कामिनी, आज मला तुझ्यापेक्षा जास्त आनंद झालाय. खरंच.”

परीक्षेनंतर बसू. तेही जमलं असतं. आज होऊन गेलं असतं, फेब्रुवारीत मुलाखत झाली असती, आणि मग एखाद्या शांत दुपारी शुद्धिपत्राचं एक पान. मोहिनीला थांब म्हणून सांगायला काहीतरी कारण शोधता आलं असतं. असं तिने प्रवासभर मांडून पाहिलं होतं, आणि सगळं जुळत होतं. रेषा सरळ येत होती.

सभागृहात तीसेक माणसं होती. पुढच्या रांगेत पुण्याच्या परीक्षक बाई, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, प्रबंधाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. त्यांच्या शेजारी विभागप्रमुख आणि सर. तिसऱ्या रांगेत मोहिनी, मांडीवर लॅपटॉप, अंगठा वर करून दाखवणारी. आणि शेवटच्या बाकावर नवीन.

त्याला तिने बोलावलं नव्हतं. आईने पाठवलं असणार. पायांशी केळ्यांचं खोकं होतं. शर्ट धुतलेला, पण बुटांच्या कडेला ओला चिखल तसाच. कामिनीने मनात आठवडे मोजले. कालपासून रातची लाईन. म्हणजे तो रात्रभर कॉक फिरवून, तोंडावर पाणी मारून थेट गाडीत बसला होता.

नजरानजर झाली तेव्हा त्याने हात हलवला. मग ती बोलायला लागली.

ती नीट बोलत होती. तारा, ग्रह, फुगवटा, ब्रेक. समीकरणं एकामागून एक सरकत गेली. परीक्षक बाई मान हलवत होत्या. मधे त्यांनी विचारलं, “म्हणजे ग्रह किती मऊ आहे यावर ब्रेक किती जोरात लागणार ते ठरतं?” तिने उत्तर दिलं. बाईंनी समाधानाने काहीतरी लिहून घेतलं.

बारावी स्लाइड आली. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके, पसरलेले, गोळा होत आलेले, आणि मग ती रेषा.

“हा माझा आवडता आलेख,” सर शेजारच्यांना हलकेच म्हणाले, पण पुढच्या रांगेतलं कुजबुजणं तिला ऐकू आलं. “काय सुंदर रेषा आहे बघा.”

मोहिनीने फोन उचलून पडद्याचा फोटो काढला.

कामिनीने प्रश्नाची वाट पाहिली. कोणीतरी विचारेल: नोंद किती फेऱ्यांनी घेतली? मग उत्तर द्यावंच लागलं असतं. बाईंनी चिठ्ठी लावलेलं पान उघडलं, रेषेकडे पाहिलं, आणि उलटलं. कोणीच विचारणार नव्हतं. पान एकशे सहावर, सहा नंबरच्या अक्षरांत, तळटिपेत लिहिलेलं होतं: नोंद दर दुसऱ्या फेरीला.

तिने मागे पाहिलं. नवीनची मान छातीवर पडली होती. तोंड किंचित उघडं, हात केळ्यांच्या खोक्यावर तसाच. शेजारचा मुलगा त्याला कोपराने ढोसून हसत होता. एखाद्याला वाटलं असतं, हा माणूस कंटाळलाय.

“कामिनी?” सर म्हणाले. “पुढची स्लाइड.”

तिने रिमोट टेबलावर ठेवला. पिशवीतून घडीचा कागद काढला आणि उघडला. कागदाचा आवाज सगळ्या सभागृहात ऐकू आला.

“पुढची स्लाइड नाही, सर,” ती म्हणाली. “ही रेषा चुकीची आहे. मी एक फेरी सोडून एक फेरी बघत होते, म्हणून मला ग्रहाची एकच बाजू दिसली. हा ग्रह फिरतो. हे मला चोवीस दिवसांपासून माहीत आहे. मोहिनी, तो पेपर आज पाठवू नकोस.”

मोहिनीचा फोन हातात तसाच वर राहिला. सर अर्धवट उठले होते.

“बाई,” कामिनी परीक्षकांकडे वळून म्हणाली, “मी हा प्रबंध परत घेते आहे.”